क्रमांक अकरा आणि क्रमांक सतरा

कर्जत-खालापूर भागात जमिनीवर उगवणाऱ्या आमरींची, म्हणजे ऑर्किडची, जी पुस्तिका आमच्या निसर्गमंडळाने काढली, तिच्यातील अकराव्या क्रमांकाची आमरी आणि सतराव्या क्रमांकाची आमरी या दोन नाहीत, एकच आहे. तिथे चुकीचे लिहिणारा मी. चूक कळल्यावर सहा वर्षे गप्प बसणाराही मीच. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. मंडळाच्या इतिवृत्तात मी हे सगळे कबूल केले आहे, पण मंडळाचे इतिवृत्त ते लिहिणाऱ्या सचिवांखेरीज कोणी वाचत नाही. म्हणून इथे पुन्हा लिहितो.

मी भूकरमापक होतो. खालापूर तालुक्यातल्या शेतांच्या हद्दी मोजण्यात माझी नोकरी गेली. या कामात एक गोष्ट पक्की शिकलो. मोजणी झाल्यावर दोन्ही शेजारी सारखेच नाराज झाले, तर मोजणी बरोबर आली असे समजायचे. निवृत्तीनंतर साखर निघाली, चालायला सांगितले गेले, आणि एकट्याने चालण्याचा कंटाळा म्हणून कर्जतच्या मंडळात शिरलो. अध्यक्ष एक होमिओपॅथीचे डॉक्टर. सचिव लोधिवलीचे, बँकेतून निवृत्त झालेले. बाकी दहाबारा जण. एका पावसाळ्यात मंडळाने ठरवले की आपल्या भागातल्या आमरींची पुस्तिका काढायची आणि प्रत्येकाने एकेक पट्टा वाटून घ्यायचा. मला कोंडाण्याकडचा पट्टा मिळाला. कारण सचिवांनी सर्वांसमोर सांगितले, "तिथे यांचे व्याही आहेत. चहा-जेवणाची सोय आहे."

माझी सून कोंडाण्याची. तिचे वडील शेतकरी, माझ्याच वयाचे. लग्नात आम्ही काही मागितले नव्हते आणि मी त्यांना तेव्हाच म्हणालो होतो, आपण आता भाऊ-भाऊ. ते "व्हय" म्हणाले आणि पुढची सगळी वर्षे मला पाहून उठून उभे राहिले. मुलीच्या बापाने मुलाच्या बापापुढे कसे वागायचे, हे त्यांच्या घरात ठरलेले होते, आणि माझ्या सांगण्याने त्यात फरक पडणार नव्हता. हातवाली खुर्ची माझी. पहिले ताट माझे. मी म्हटले की पाऊस येणार नाही, की ते हातातली छत्री मिटत आणि भिजत. मी म्हणेन त्याला ते कधी नाही म्हणाले नाहीत. एकदा मी सहज बोललो की पडवीसमोरचा आंबा फार अंधार करतो. पुढच्या खेपेला गेलो तर आंब्याच्या दोन जाड फांद्या नव्हत्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या अंगणात झाडांविषयी बोलणे बंद केले. जंगलातही बंद केले असते तर ही वेळ आली नसती.

पावसाळ्यात दर शनिवारी आम्ही दोघे डोंगराच्या पोटातल्या रानात हिंडायचो. मी नोकरीतला टेप घेऊन. आमरीच्या फुलाला मागे एक बारीक शेपटी असते, काही जातींत छोटी, काही जातींत बोटभर लांब. जाती ओळखताना ती मोजावी लागते, असे डॉक्टरांनी सांगितले होते. मोजणे म्हटल्यावर माझ्या अंगात यायचे. पण शेत वाऱ्याने हलत नाही, फूल हलते. मग व्याही गुडघे टेकून दोन्ही हातांचा आडोसा करत, आणि मी पोटावर पडून मिलिमीटर वाचत असे. त्यांची ओळखण्याची तऱ्हा निराळी. ही पाणी साचते तिथे येते, ती निचऱ्याच्या उतारावर. हिला म्हैस तोंड लावते, तिला लावत नाही. या फुलाला दिवसा वास नाही, दिवेलागणीला सुटतो. हे सगळे ते हळू आवाजात सांगत आणि शेवटी जोडत, "तुमच्या टेपात काय येतं बगा. त्येच खरं."

मी त्यांचे म्हणणे वहीच्या समासात लिहीत असे. पुस्तिकेत समास छापत नाहीत.

मृगाच्या आसपास एका शनिवारी ते शेवळं काढायला निघाले आणि मी मागोमाग गेलो. शेवळं आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. जमिनीतून थेट कोंब वर येतो, तो म्हणजे त्याचा फुलोरा, त्याची भाजी करतात. पाने मागाहून येतात, फुलोरा कुजून गेल्यावर. तर शेवळांच्या शोधात आम्ही बांबूच्या सावलीत पाचोळा उकरत होतो, तिथे मला वीतभर उंचीची एक दांडी दिसली. तिच्यावर चार-पाच हिरवट-पिवळी फुले, माना खाली घातलेली. आणि पान एकही नाही. बाजूचा पाचोळा सारून पाहिला, तरी नाही.

आदल्याच बैठकीत डॉक्टरांनी सांगितले होते की काही आमरींना जन्मभर पान येतच नाही, त्या कुजक्या पाचोळ्यावर जगतात, आणि फार दुर्मीळ असतात. मी तिथेच बसलो आणि मोजायला लागलो. व्याह्यांनी बांबूची एक काठी तोडली आणि त्या दांडीशेजारी हातभर आत ठोकली.

"कशाला?" मी विचारले.

"खूण. मागनं काय व्हतं बगू."

दुपारी विहीणबाईंनी शेवळांची भाजी वाढली. तिच्यात काकडं नावाची आंबट रानफळं घातलेली होती, कारण शेवळं घशाला खाजतात आणि काकडं ती खाज मारतात. व्याही मला त्यांच्या बोलीत इवाय म्हणतात. जेवताना ते म्हणाले, "इवाय, त्ये फूल या शेवळावानी तर नसंल? आदी फूल, मग पान?"

मी तोंडात शेवळांचा घास असताना म्हणालो, "छे, छे. ते शास्त्रात वेगळं असतं."

त्यांनी माझ्या ताटात आणखी भाजी घातली.

जुलैच्या मध्याला मी डॉक्टर आणि सचिवांना घेऊन तिथे गेलो. काठी उभी होती. फुलाचा मागमूस नव्हता. काठीच्या बुडाशी एकच पान उगवले होते, बदामाच्या आकाराचे, पंख्यासारख्या चुण्या पडलेले, फार देखणे. मी सचिवांना सांगितले, "लिहा. नवीन जात. एक पान, फूल नाही."

व्याही जरा खाकरले. "काठी हितंच हाय, इवाय."

"गुरांनी हलवली असेल."

व्याह्यांनी हातभर खोल रुतलेल्या त्या काठीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. म्हणाले, "आसंल."

मी तेवढ्यावर थांबलो नाही. डॉक्टर ऐकत होते, म्हणून मी पुढे म्हणालो, "व्याही, डोळ्यांना दिसतं ते वेगळं आणि शास्त्र वेगळं." हे वाक्य मी आजवर कोणापुढे पुन्हा उच्चारलेले नाही, पण दात घासताना ते मला आठवते.

पुस्तिका निघाली. अकराव्या क्रमांकावर माझी बिनपानी आमरी, सतराव्यावर एकपानी. एकूण बत्तीस. शेजारच्या तालुक्यातल्या मंडळाने आदल्या वर्षी पुस्तिका काढली होती, तिच्यात एकतीस होत्या. त्यामुळे आमच्याकडे पेढे वाटले गेले. मला शाल आणि नारळ मिळाला आणि "बिनपानी आमरीचे शोधक" असा माझा उल्लेख झाला. आमच्यापैकी कोणीही वनस्पतिशास्त्र शिकलेला नव्हता, हे त्या सभेत कोणालाच आठवले नाही. ज्याच्याकडे एखादे जाडे पुस्तक असते, त्याला दोन मिनिटांत कळले असते. नर्व्हिलिया नावाच्या या आमरीचे जगभर असेच आहे. फूल आधी येते, ते सुकून जाते, मग पान येते. दोघांची गाठ पडत नाही.

पुस्तिका हातात घेऊन लोक कोंडाण्याला येऊ लागले. सुट्टी रविवारी, पाऊस जरा ओसरल्यावर, म्हणजे ऑगस्टात. त्यांना सगळ्यांना अकरा क्रमांक पाहिजे. गावात विचारले की लोक व्याह्यांचे घर दाखवत. व्याही त्यांना बांबूच्या सावलीत नेत आणि पान दाखवून म्हणत, "ह्येच त्ये." पाहुणे पुस्तिका उघडून दाखवत, "आजोबा, हे सतरा. आम्हाला अकरा बघायचंय." पहिल्या वर्षी ते दोन-तीनदा समजावायला गेले. मग त्यांच्या लक्षात आले की आपण समजावतो म्हणजे पुस्तकाला, म्हणजेच इवायांना खोटे पाडतो. त्यानंतर ते एवढेच म्हणू लागले, "अकराला नशीब लागतं."

यात खोटे काही नव्हते. ऑगस्टात जूनचे फूल पाहायला नशीबच लागेल.

कोणीतरी फोनवरच्या ग्रुपमध्ये लिहिले की गावातल्या म्हाताऱ्यांना ओळख नसते, एक आजोबा अकरा आणि सतरामध्ये गोंधळ घालतात, पुस्तिका जवळ ठेवा. ते फिरत फिरत माझ्याकडे आले. मी खाली हात जोडल्याचे चित्र पाठवले.

तोपर्यंत मला खरोखर माहीत नव्हते. ते कळले दोन वर्षांनी, तेही चोरीतून. आमच्या मंडळाचा पहिला नियम असा की आमरी उपटायची नाही, कंद काढायचा नाही. या नियमाची वाक्यरचना माझी आहे. तरी एका जूनमध्ये मी व्याही पुढे गेलेले पाहून बिनपानी आमरी कंदासकट काढली, रुमालात गुंडाळली आणि खालापूरला घरी आणून कुंडीत लावली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. आठ दिवसांत फूल वाळले. मी त्या पापाबद्दल स्वतःला माफही करून टाकले. जुलैत वर गेलो तर कुंडीत चुण्या पडलेले एक पान उभे.

मी खाली येऊन बायकोला विचारले, "टाकीमागच्या कुंडीत काय लावलंस तू?"

"मी कशाला लावू? कोथिंबिरीला कुंडी मागितली तर रिकामी नाही म्हणालात."

मी वर जाऊन माती उकरली. कंद तोच होता, मी रुमालात आणलेला, एका बाजूला माझ्या खुरप्याचा घाव असलेला. गच्चीवर गुरे येत नाहीत, त्यामुळे हलवण्याचा आरोप कोणावर करणार. मी तिथेच टाकीला टेकून बसलो. बायको जिन्यात उभी राहून बघत होती. तिला मी सगळे सांगितले. ती म्हणाली, "मग सांगून टाका त्यांना." मी म्हणालो, "सांगतो." मग दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात माझा फोटो होता. मग एका शाळेने मला बिनपानी आमरीवर बोलायला बोलावले. जितके दिवस जात तितके कबूल करण्याचे काम मोठे होत गेले. सहा वर्षे अशी गेली. बायको अधूनमधून एवढेच विचारी, "सांगितलंत का?" पुढे तिने तेही सोडले, पण भाजीत कोथिंबीर घालताना माझ्याकडे बघायची.

गेल्या वर्षी मंडळाने ठरवले की पावसाळ्यात कोंडाण्याच्या रानात दर रविवारी लोकांना नेऊन आमरी दाखवायच्या आणि त्यासाठी स्थानिक माणसांतून वाटाड्या नेमायचा. त्याला मंडळाचे ओळखपत्र आणि पिवळी टोपी द्यायची. ओळखपत्र म्हटले की परीक्षा आली, आणि परीक्षक म्हणून मला बसवले.

त्या आठवड्यात सुनेने मला चहा देताना सांगितले, "पप्पा, बाबांना ते वाटाड्याचं काम पाहिजे. शेती दादा बघतो, म्हशी विकल्या. दिवसभर पडवीत बसून असतात. त्यांनी जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी हवंय म्हणून सांगितलं. आणि तुम्हाला सांगू नको म्हणाले. म्हणून सांगतेय."

"त्यांना येतं सगळं," मी म्हणालो. "पास होतील."

असे म्हणताना मला प्रश्नपत्रिका आठवत होती. ती डॉक्टरांनी काढली होती. दहा फोटो, आणि त्यांत आमच्या मंडळाची शान म्हणून अकरा आणि सतरा असणारच होते. शिवाय नियम असा की आपल्या खास आमरी ज्याला ओळखता येणार नाहीत, तो वाटाड्या नको.

परीक्षा कर्जतला एका समाजमंदिरात झाली. उमेदवार तीन. डॉक्टर लॅपटॉपवर फोटो दाखवत, उमेदवार तोंडी उत्तर देई, मी गुण मांडत असे. व्याही धुतलेला सदरा घालून आले आणि मला पाहून उभेच राहिले. डॉक्टरांनी बसा म्हटले तरी माझ्याकडे पाहत उभे. शेवटी मला "बसा" म्हणावे लागले, तेव्हा परीक्षा सुरू झाली.

पहिल्या आठ फोटोंना त्यांनी नाव सांगितले, जागा सांगितली, फुलायची वेळ सांगितली. एका फोटोला म्हणाले, "ह्यो वाघचौरा. पन ह्यो फोटू माळावरचा नाय, कुनीतरी उपटून अंगनात ठेवून काढलाय. पानं बगा कशी मलूल झाल्यात." डॉक्टरांनी लॅपटॉपची दिशा थोडी बदलली. फोटो त्यांनीच काढलेला होता.

मग नववा फोटो. बिनपानाचे फूल.

"ही कोणती?" डॉक्टरांनी विचारले.

"हिच्याबद्दल इवायांनी पुस्तकात लिवलंय."

"ते बरोबर. काय लिहिलंय?"

"पुस्तकात लिवलंय त्ये पुस्तकात हाय."

"अहो, पण तुम्ही सांगा ना."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत तक्रार असती तर बरे झाले असते. ती नजर नोकरीत मी अनेकदा पाहिलेली होती. मोजणीला आलेला माणूस हद्दीचा दगड कुठे आहे हे पक्के जाणत असतो आणि साहेबाचा टेप कुठे पडतो याची वाट बघत असतो. त्यांना खोटे बोलायचे नव्हते, कारण उद्या लोकांना तेच दाखवायचे होते. आणि खरे बोलायचे तर लेकीच्या सासऱ्याला भर सभेत चुकीचे ठरवायचे. दहावा फोटो आला. पान. त्याचेही नाव त्यांनी सांगितले नाही.

डॉक्टर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दोन्हीला शून्य द्यावं लागेल. वाईट वाटतं, पण तुमच्याच आमरी आहेत."

मी दोन शून्ये मांडली. दुसरी जरा वाकडी आली.

ओळखपत्र मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या एका माणसाला मिळाले. त्याने पुस्तिका तोंडपाठ केली होती, मुद्रकाच्या पत्त्यासकट. बाहेर पाऊस होता. व्याह्यांनी मिनिडोर रिक्षापर्यंत माझ्या डोक्यावर छत्री धरली, मला आत बसवले आणि म्हणाले, "लई छान परीक्षा घेतलीत तुमी. घरी सगळ्यांना इचारलं म्हनून सांगा."

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने कारण विचारले नाही. सुनेने सकाळी विचारले, "बाबा नापास झाले म्हणे?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "त्यांनी फोनवर सांगितलं, इवायांनी काय पक्षपात केला नाय, लई नेकीचा मानूस हाय." आणि ती भांडी घासायला गेली. मला वाटते, मला त्या क्षणी जी लाज वाटली ती पुढच्या बैठकीपर्यंत टिकली, म्हणून मी बोलू शकलो. एरवी मी पुन्हा ढेपाळलो असतो.

बैठकीत मी उभा राहून सगळे सांगितले. काठी, शेवळं, कुंडी, सहा वर्षे. मला वाटले होते की लोक हादरतील. मग डॉक्टरांनी विचारले, "म्हणजे आपल्याकडे बत्तीस नाहीत?"

"एकतीस."

"म्हणजे त्यांच्याएवढ्याच."

खोलीत खरा धक्का बसला तो आता. एकाने सुचवले की एखादी नवी आमरी सापडेपर्यंत हे बाहेर काढू नये, म्हणजे आकडा मोडणार नाही. दुसऱ्याने विचारले की पान वेगळे आणि फूल वेगळे मोजायची कुठे पद्धत आहे का. सचिवांनी मात्र पेन उघडले. मी सांगितले ते त्यांनी लिहून घेतले: अकरा आणि सतरा एकच आहेत, हे आमच्या व्याह्यांनी पहिल्याच वर्षी ओळखले, मला दोन वर्षांनी कळले आणि मी ते लपवले.

"लपवले हा शब्द काढू या का?" सचिव म्हणाले. "सांगायचे राहून गेले, असं लिहितो."

"लपवले," मी म्हणालो.

त्यांनी लिहिले, आणि उत्साहाच्या भरात त्याच संध्याकाळी व्याह्यांना फोन करून अभिनंदनही करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने व्याही खालापूरला हजर. ते कधी रिकाम्या हाताने आलेले नाहीत. तांदूळ, काकड्या, निदान कढीलिंबाची फांदी तरी असते. त्या दिवशी हात रिकामे. मी दार उघडले आणि हसलो. ते हसले नाहीत.

"मीटिंगीत काय बोललात तुमी?"

"खरं तेच बोललो."

"माज्या लेकीच्या सासऱ्याला चार लोकांत खोटं पाडलंत. कुनाला इचारून?"

मी गोंधळलो. "अहो, ते सासरे म्हणजे मीच ना?"

"त्ये तुमचं तुमी बगा. मला त्ये लेकीचे सासरे हायत. आट वर्सं त्यांचा शब्द खाली पडू दिला नाय मी. लोकं येडा म्हनून गेली, तरी बोललो नाय. आन तुमी एका दिसात सगळं घालवून मोकळे."

मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. जरा थांबून, आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "आन तुमाला सा वर्सं म्हाईत होतं?"

"होतं."

"मला वाटायचं, तुमाला म्हाईतच नाय. म्हनून गप होतो. म्हाईत नसलेल्या मानसाला कशाला दुखवा. तुमाला म्हाईत हाय म्हटल्यावर मी कशापायी तोंड शिवून बसलो?"

मी म्हणालो, "माझं चुकलं, व्याही. आता ते ओळखपत्र घ्या. तुमचंच आहे ते."

"नको. लोकं म्हनतील, लेकीच्या सासऱ्याला वाकवून टोपी घेतली."

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, खाली बसा. पप्पा, तुम्हीपण बसा." आम्ही दोघे बसलो. "चौदा वर्षं बघतेय मी. हे छे म्हणतात, तुम्ही आसंल म्हणता, आणि मग दोघंही गुपचूप मला विचारता, दुसरा काय म्हणाला. माझा संसार काय त्या एका पानावर उभा नाही. पप्पा चुकले तर चुकले म्हणा. मला कोणी इथून काढत नाही."

"तसं न्हवं गं," व्याही म्हणाले.

"तसंच आहे. परीक्षा परत होऊ दे. रानात जाऊन. आणि पप्पांनीही द्यायची."

बायको आतून म्हणाली, "दोघांचा चहा ठेवलाय." बोलणे तिथे संपले.

परीक्षा या वर्षी पावसाच्या सुरुवातीला कोंडाण्याच्या रानात झाली. डॉक्टर परीक्षक. मोबाइलच्या दुकानातल्या माणसाने टोपी आधीच परत आणून दिली होती, गेल्या पावसाळ्यात त्याला जळवा लागल्या होत्या. व्याह्यांचे दहापैकी दहा आले. माझे सात आले, आणि त्यातला एक डॉक्टरांनी वयाकडे बघून दिला असावा. ओळखपत्रावर व्याह्यांचा फोटो आहे, त्यात ते उभे आहेत आणि कोणाकडे तरी बघत आहेत. मी कॅमेऱ्याच्या बाजूला होतो.

ऑगस्टातल्या एका रविवारी मी त्यांच्या फेरीला नाव नोंदवून गेलो, इतरांसारखा. वीसेक माणसे होती. व्याही पुढे, पिवळी टोपी घालून. त्यांनी मला पाहिले, सवयीने वाट सोडून बाजूला झाले, मग काय वाटले कोणास ठाऊक, परत वाटेवर आले आणि मला म्हणाले, "रांगेत या."

माळावर पांढरे फूल दिसले. पूर्ण उमललेले नव्हते. लोक विचारू लागले, ही कोणती. माझी जुनी खोड. व्याही बोलायच्या आत मी सांगून टाकले, "वाघचौरा. अजून फुलायचाय."

व्याही वळले. गुडघ्यावर बसून त्यांनी गवत बाजूला केले. त्यांचे कान लाल झाले होते, हे मला मागून दिसत होते.

"नाय," ते म्हणाले. "चुकलं तुमचं. वाघचौऱ्याची पानं दांड्यावर चढत जातात. हिची बगा, सगळी खाली, जिमिनीवर पसरल्यात. ही दुसरी."

लोक वाकून बघायला लागले. कोणाला काही विशेष वाटले नाही. व्याह्यांनी मात्र माझ्याकडे पाहिले, आपण बोललो ते इथेच थांबेल की आणखी काही होईल, हे तपासल्यासारखे. मी खिशातून वही काढली आणि समास सोडून पानाच्या मधोमध त्यांचे म्हणणे लिहून घेतले.

माझ्या शेजारच्या एका बाईंनी त्यांना विचारले, "हे काका तुमचे कोण?"

"माज्या लेकीचे सासरे," व्याही म्हणाले, आणि उठून पुढे चालू लागले. "शिकतायत आजून."